पुढाऱ्यांची खतावणी

आमच्या खानदेशात पुढाऱ्याला नाव नसते, नाते असते. कोणी दादा असतो, कोणी भाऊ, कोणी नाना, कोणी आबा. आणि पुढारी बाई असली तर ताई नाहीतर माई. निवडणुकीच्या यादीत पुरे नाव छापतात ते कायद्याला हवे म्हणून. पाचोऱ्याच्या स्टेशनाबाहेर चहाच्या टपरीवर उभे राहून एखाद्या पुढाऱ्याचे पाळण्यातले नाव घेऊन चौकशी करून पाहा; चार माणसे तुमच्याकडे 'हे पाहुणे कोण गावचे?' अशा नजरेने पाहतील.

रिवाज गोड आहे, हे नाकबूल कोण करतो? माणसाने माणसाला नात्याने हाक मारावी, यात वाईट काही नाही. पण वाचकहो, या गोडव्याची किंमत आपण मोजतो, आणि ती बारीकसारीक नाही. काकाचा हिशेब पुतण्याने कसा मागायचा? मामाने चार पैसे इकडचे तिकडे केले, तर भाच्याने ते चारचौघांत कसे बोलायचे? पुढारी एकदा घरातला झाला, की त्याचे दोषही घरातले होतात. आणि घरातल्या दोषांवर पांघरूण घालणे हा तर आपल्याकडे कुळाचारच आहे.

आता याच घरात मुलीसाठी स्थळ येते तेव्हा काय होते ते पाहा. मुलगा भुसावळला रेल्वेत आहे एवढे कळले, की आपण आधी भुसावळचा नातेवाईक गाठतो. पगार खरा किती, डोक्यावर कर्ज किती, बहिणींची लग्ने कशी करून दिली, थोरल्या भावाशी अबोला कशावरून, संध्याकाळी पावले कोठे वळतात. सात गावची माहिती दोन दिवसांत गोळा होते. हे एका मुलीसाठी. आणि साऱ्या तालुक्याचे पाणी, रस्ते, शाळा आणि दवाखाने पाच वर्षे ज्याच्या हाती सोपवायचे, त्याच्याविषयी आपण दोनच प्रश्न विचारतो: आपल्या समाजाचा आहे काय? आणि लग्ना-मयताला येतो काय?

लग्ना-मयताला येणे ही तर आता पुढारीपणाची मुख्य परीक्षा होऊन बसली आहे. वैशाखात एका संध्याकाळी पुढाऱ्याची मोटार किती मांडव फिरते याचा हिशेब गाव बोटांवर ठेवतो. अक्षता पडण्यापूर्वी तो आला, वराच्या पाठीवर थाप मारली, ध्वनिक्षेपकावर दोन शब्द बोलला, की घराण्याचे मत पाच वर्षांसाठी पक्के. पाचोऱ्याहून जामनेरला जाणारी आमची धाकटी गाडी २०२० साली थांबली. त्या वेळी कोणत्या प्रतिनिधीने कोणत्या सभागृहात कोणता प्रश्न विचारला, हे ठाऊक असलेला माणूस तालुक्यात दिवा घेऊन शोधावा लागेल. कोणत्या लग्नाला कोण आला आणि कोण आला नाही, हे मात्र शेंबडे पोरही सांगेल.

माझे म्हणणे एवढेच आहे. पुढाऱ्यांच्या स्वभावाचा आणि चारित्र्याचा न्याय आपण करतच नाही, असे नाही. तो आपण बारा महिने, ओट्यावर आणि पारावर, करीतच असतो. पण तो भलत्या मापाने करतो. जे दोष आपल्या पोराबाळांच्या मुळावर येतात ते आपण 'स्वभाव' म्हणून सोडून देतो, आणि ज्यांच्याशी आपला सुतराम संबंध नाही ते चघळीत बसतो.

एक ताजे उदाहरण देतो. ऑगस्ट २०२३ मध्ये आमच्याच पाचोऱ्यात एका पत्रकाराला भर रस्त्यात मारहाण झाली. त्याआधी इथल्या आमदारांनी त्याला फोनवर दिलेल्या शिव्यांची ध्वनिफीत साऱ्या महाराष्ट्राने ऐकली होती, आणि शिव्या दिल्याचे आमदारांनी नाकारलेही नव्हते. मारहाण कोणी केली आणि का केली, याचा निवाडा न्यायालयाचा. त्यात मी पडत नाही. मी बोलतो आहे ते ओट्यावरच्या निवाड्याविषयी, आणि तो कोणा एका पुढाऱ्यापुरता नसतो. असा प्रसंग कोणावरही येवो, आपले शब्द ठरलेले: 'तापट शे, पन मनना मोकया शे!' झाले! खटला निकालात. तापट आहे, पण मनाचा मोकळा आहे.

या तापटपणाची एक मौज कोणी पाहिली आहे काय? तापट म्हणून गाजलेला पुढारी मुंबईच्या वरिष्ठांपुढे कधी तापलेला दिसला आहे काय? तिथे तो गोगलगाय असतो. तलाठी, शिक्षक, ग्रामसेवक, वार्ताहर, दारात गाऱ्हाणे घेऊन आलेला म्हातारा, यांच्यापुढेच त्याचा पारा चढतो. जो राग माणूस ओळखून येतो तो राग स्वभावाचा नव्हे. तो हिशेबी असतो. कोणावर ओरडले तर चालते हे त्याला नेमके कळते. घरात तापटपणा हा अवगुण असेल. अधिकाराच्या खुर्चीवर बसल्यावर तो राज्य करण्याची पद्धत बनतो. आणि त्याला आपण 'मनाचा मोकळा' असे प्रशस्तिपत्र देतो!

आता कोणी म्हणेल, पुढाऱ्याने स्वतःचे दोष ओळखावेत, लोकांनी कशाला ही उठाठेव करावी? असे एक उदाहरण घडले आहे, आणि त्याचा धागा आमच्या जिल्ह्याशी जुळतो. डिसेंबर १९३६ मध्ये फैजपूरला काँग्रेसचे अधिवेशन भरले. खेड्यात भरलेले ते पहिले अधिवेशन. बांबूंचे मांडव नंदलाल बोसांच्या हातांनी सजले होते, आणि त्या मातीच्या नगरात अध्यक्ष म्हणून आले होते पंडित जवाहरलाल नेहरू. खानदेशातल्या शेतकऱ्यांनी त्यांना डोळे भरून पाहिले. आमच्या आजोबांच्या पिढीला ते दिवस जन्मभर पुरले.

त्या जयजयकाराला वर्षही झाले नव्हते. नोव्हेंबर १९३७ मध्ये कलकत्त्याच्या 'मॉडर्न रिव्ह्यू' मासिकात 'राष्ट्रपती' या नावाचा एक लेख आला. लेखकाचे नाव होते चाणक्य. या चाणक्याने नेहरूंची उलटतपासणी केली होती. लोकप्रियता, अभिमान, जबर इच्छाशक्ती, दुबळ्यांविषयीची तुच्छता, दुसऱ्याचे ऐकून घेण्याचा कंटाळा, हे सारे या माणसात आहे. उद्या हुकूमशहा व्हायला आणखी काय लागते? तेव्हा याला पुन्हा अध्यक्ष करू नका, असा त्या लेखाचा निष्कर्ष होता. पुढे उघड झाले, की हा चाणक्य म्हणजे स्वतः नेहरूच!

या गोष्टीने भारावून जाणारे पुष्कळ आहेत. मीही तिचे मोल कमी लेखीत नाही. आपल्याविरुद्ध असा लेख लिहायला छाती लागते. पण मला त्यातून निराळाच धडा दिसतो. ज्या लाखो लोकांनी गर्दी केली त्यांतल्या कोणाला जे दिसले नाही, किंवा दिसूनही बोलवले नाही, ते नेत्याला टोपणनावाने स्वतःच लिहावे लागले. हे नेत्याचे भूषण असेल, लोकांचे नव्हे. शिवाय असा चाणक्य कितीजणांच्या पोटी जन्माला येणार? आजच्या पुढाऱ्यांच्या वाढदिवसाचे फलक पाहा. स्टेशनपासून चौकापर्यंत दर खांबावर तोच हसरा चेहरा, खाली पन्नास शुभेच्छुकांच्या टिकल्या. त्या फलकाच्या मागे बसून कोणी स्वतःविरुद्ध लेख लिहीत असेल, अशी आशा धरणाऱ्याने खुशाल धरावी. शहाण्याने चाणक्याचे काम स्वतःकडे घ्यावे.

ते कसे करायचे? आपल्या पेठेतल्या कोणत्याही जुन्या आडतदाराला विचारा. दिवाळीला वहीचे पूजन होते ते वहीत काय लिहिले आहे म्हणून नव्हे, तर खरे लिहिले जाईल म्हणून. वहीला दोन बाजू असतात, जमा आणि नावे. शेतकऱ्याने पन्नास क्विंटल कापूस घातला तो जमेला; उचल नेली ती नावे. कापूस उत्तम होता म्हणून उचल कोणी पुसून टाकीत नाही. उचल जबर होती म्हणून कापूस आलाच नाही असेही कोणी म्हणत नाही. ज्या रकमा ज्या खात्याच्या, त्या त्या खात्यात. एवढे साधे शहाणपण सरकीच्या व्यवहारात आपल्याला आहे. पुढाऱ्याच्या बाबतीत ते जाते कोठे?

तिथे आपली खतावणी तीन प्रकारे बिघडते.

पहिला प्रकार साधेपणाचा. पुढारी खादी वापरतो, दारूला शिवत नाही, पहाटे उठतो, चपाती-भाजी खातो; संपले, तो थोर. खानदेशाला या बाबतीत एक गोड शाप आहे. साने गुरुजी अमळनेरला शिक्षक होते, आमच्या गावागावांतून ते पायी हिंडले, आणि पंढरीच्या विठोबाचे दार हरिजनांना उघडावे म्हणून १९४७ च्या मे महिन्यात ते उपोषणाला बसले. अशा माणसाला पाहिलेल्या मुलखाला पुढारी म्हटला की गुरुजींचेच माप आठवते. पण गुरुजी मंत्री नव्हते. सत्ता हाती आल्यावर साधा माणूस काय करतो, हा निराळाच धडा आहे, आणि तो महाराष्ट्राला मोरारजी देसाईंनी शिकवला. मोरारजींच्या खाजगी राहणीत बोट ठेवायला जागा नव्हती. निर्व्यसनी, शाकाहारी, सूत कातणारे, वेळेचे पक्के. आणि १९५६ च्या जानेवारीत मुंबईच्या रस्त्यांवर संयुक्त महाराष्ट्र मागणाऱ्यांवर गोळ्या चालल्या तेव्हा मुख्यमंत्री तेच होते. त्या लढ्यात शंभरावर माणसे गेली. ज्याला स्वतःच्या शुद्धतेविषयी शंका नसते त्याला दुसऱ्याच्या म्हणण्याविषयीही शंका घ्यावीशी वाटत नाही. मोरारजींचा हट्ट त्यांच्या शुचितेच्याच पोटी जन्मला होता. मात्र खतावणी म्हणजे खतावणी! त्याच मोरारजींनी आणीबाणीत तुरुंग सोसला, आणि ते पंतप्रधान असताना १९७८ साली चव्वेचाळिसावी घटनादुरुस्ती होऊन आणीबाणी पुन्हा सहजी लादता येणार नाही अशी तजवीज झाली. ही रक्कम जमेला लिहिलीच पाहिजे. पण तिने जानेवारी १९५६ ची रक्कम फिटत नाही.

दुसरा प्रकार कर्तबगारीचा. 'खातो, पण करतो ना!' हे वाक्य मी इतक्या सुशिक्षितांच्या तोंडून ऐकले आहे, की ते आता आपल्या राज्यशास्त्राचे पहिले सूत्र मानायला हरकत नाही. जळगावकरांना हे सूत्र विशेष प्रिय होते. शहरात सतरा मजली पालिका उभी राहिली, तिचे सर्वांना कौतुक. करणारा माणूस दांडगा, याविषयी दुमत नव्हते. त्याच पालिकेने गरिबांसाठी अकरा हजारांवर घरकुले बांधायचे ठरवले. त्यांतली थोडीच पुरी झाली. पुढे खटला उभा राहिला, आणि ३१ ऑगस्ट २०१९ रोजी धुळ्याच्या विशेष न्यायालयाने माजी मंत्री सुरेश जैन यांच्यासह ४८ जणांना दोषी ठरवले. शिक्षेविरुद्ध ते वरच्या न्यायालयात गेले. कायद्याचा शेवटचा शब्द तिथलाच. पण नागरिकाचा प्रश्न न्यायालयावर अडून राहत नाही. झोपडीतल्या ज्या बाईला घर मिळायचे होते आणि मिळाले नाही, तिला सतरा मजले दाखवून काय उपयोग? जमेची रक्कम एका खात्यात आणि येणे दुसऱ्याच खात्यात, अशा व्यवहाराला पेठेत काय म्हणतात ते मी इथे लिहीत नाही. दिवाळीचा अंक आहे.

तिसरा प्रकार याच्या अगदी उलटा, आणि माझ्या मते सर्वांत हलका. तो म्हणजे वहीत ज्याची नोंदच व्हायला नको ते लिहीत बसणे: पुढाऱ्याची जात, त्याचा रंग, त्याच्या बायकोचे माहेर, त्याच्या मुलीचे लग्न, त्याचे आजारपण, त्याला मूल असणे-नसणे. आचार्य अत्र्यांसारख्या सिंहानेही एकदा यशवंतराव चव्हाणांच्या निपुत्रिक असण्यावर टोमणा मारला, आणि बेचाळीसच्या चळवळीत वेणूताईंना सोसाव्या लागलेल्या हालांमुळे ते दुःख पदरी आले हे कळताच अत्र्यांनी जाऊन वेणूताईंची क्षमा मागितली, ही हकीकत महाराष्ट्रात घरोघरी सांगतात. ती सांगताना अत्र्यांच्या दिलदारीचे कौतुक होते आणि ते योग्यच आहे. पण तो टोमणा ऐकून ज्यांनी टाळ्या पिटल्या असतील त्यांच्यापैकी कोणी क्षमा मागायला गेल्याचे मी ऐकलेले नाही. टोमणा मारणाऱ्याला एकच तोंड असते. टाळीला हजार हात असतात.

यशवंतरावांचीच खतावणी पुरी मांडून पाहू, म्हणजे माझे म्हणणे स्पष्ट होईल. संयुक्त महाराष्ट्र आणि नेहरू यांत निवड करायची झाली तर आपण नेहरूंच्या बाजूने, असे ते म्हणाले आणि मराठी मुलखाने त्यांना सूर्याजी पिसाळ ठरवले. १९५७ च्या निवडणुकीत कराडला ते निसटते निवडून आले. अवघ्या तीन वर्षांनी, १ मे १९६० रोजी, महाराष्ट्राचा मंगलकलश आणणारे म्हणून त्याच लोकांनी त्यांना डोक्यावर घेतले. माणूस तीन वर्षांत पिसाळाचा शिल्पकार झाला काय? बदलला होता तो आपला हर्ष आणि आपला संताप. त्यांच्या खात्यावर आधीची रक्कम होती ती होतीच, १९६० ची तिच्यापुढे लिहायची होती. आणि पुढे १९७५ आले. आणीबाणी लागली तेव्हा यशवंतराव परराष्ट्रमंत्री होते, आणि ते मंत्रिमंडळात राहिले. त्याच वर्षीच्या डिसेंबरात त्यांच्याच कराडात साहित्य संमेलन भरले. ते स्वागताध्यक्ष होते, आणि अध्यक्षपदावरून दुर्गा भागवत लेखनस्वातंत्र्यासाठी निर्भयपणे बोलल्या. एक सत्तेतला रसिक, सुसंस्कृत, वाचनप्रेमी माणूस गप्प राहिला आणि एक विदुषी बोलली. ही रक्कम कोणत्या बाजूला लिहायची ते मी सांगायला नको. ती लिहिल्याने यशवंतराव लहान होत नाहीत. ती न लिहिण्याने आपण लहान होतो.

'सगळेच चोर' म्हणणारे गृहस्थ एव्हाना अस्वस्थ झाले असतील. त्यांच्याविषयी दोन शब्द लिहिले नाहीत तर लेख अपुरा राहील. हे गृहस्थ स्वतःला फार जाणते समजतात. वर्तमानपत्र घडी घालून ठेवताना 'अहो, सगळेच चोर!' असे म्हटले, की त्यांचे राजकीय कर्तव्य संपते. पण या वाक्याने कोणाचे भले होते? खऱ्या चोराचे. सगळेच चोर ठरले की त्याचा गुन्हा तो काय उरला? आणि जो प्रामाणिक आहे, त्याने तरी प्रामाणिक का राहावे? सांगोल्याचे गणपतराव देशमुख अकरा वेळा विधानसभेवर निवडून गेले आणि अखेरपर्यंत एकाच पक्षात राहिले. २०२१ साली ते वारले. त्यांना आणि पक्ष कपड्यांप्रमाणे बदलणाऱ्याला एकाच शब्दात बसवणारा माणूस निर्भीड नव्हे. तो आळशी आहे. त्याला वही लिहायची नाही, म्हणून तो सारी वहीच काळ्या शाईत बुडवून मोकळा होतो. भक्त आणि हा, दोघे एकाच माळेचे मणी. एक जमेची बाजूच वाचतो, एक नावेची. पुरा हिशेब दोघांनाही नको.

पुऱ्या हिशेबाचा नमुना पाहायचा असेल तर डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १८ जानेवारी १९४३ रोजी पुण्यात गोखले स्मारक मंदिरात केलेले भाषण वाचावे. निमित्त होते न्यायमूर्ती रानड्यांच्या एकशे एकाव्या जन्मदिनाचे. आपण अशा दिवशी काय करतो? हार घालतो आणि सात पिढ्यांचे गुण गातो. बाबासाहेबांनी मुळात प्रश्नच असा घातला, की मोठा माणूस म्हणायचे कोणाला? नुसती बुद्धी किंवा नुसता प्रामाणिकपणा त्यांना पुरेसा वाटला नाही. समाजाचे काही भले करण्याच्या तळमळीने जो झडझडून समाजाची घाण उपसतो तो मोठा, असे माप त्यांनी पुढे ठेवले. त्या मापाने त्यांनी रानड्यांना तोलले, आणि गांधी व जीना या तेव्हाच्या दोन सर्वांत सामर्थ्यवान नेत्यांनाही तोलले. त्यांचा अहंकार देशाला किती महाग पडतो हे त्यांनी सांगितले. त्यांचे निष्कर्ष सर्वांना पटोत न पटोत. पण एकाही माणसाच्या घरात ते शिरले नाहीत. जे तोलले ते सार्वजनिक वागणे. पुढे २५ नोव्हेंबर १९४९ रोजी घटना समितीत त्यांनी बजावले, की धर्मातली भक्ती आत्म्याला तारीत असेल, पण राजकारणातली भक्ती अधोगतीकडे आणि हुकूमशाहीकडे नेते. आज बाबासाहेबांचीही छबी मिरवून भक्ती करणारे आहेत. हा इशारा मिरवणुकीत कोणी वाचून दाखवीत नाही.

तेव्हा कोणत्या गोष्टी वहीत लिहायच्या? माझ्या मते तीन पुरेत. एक, त्याला 'नाही' म्हणणारा माणूस त्याच्याजवळ टिकतो काय? ज्याच्या भोवती केवळ 'हो भाऊ, बरोबर भाऊ' म्हणणारे उरले आहेत, त्याची बुद्धी कितीही तल्लख असली तरी ती लौकरच गंजते. दोन, दुसऱ्याचा पैसा आणि सरकारी माणूस तो कसा वापरतो? स्वतःच्या खिशातून तो पंगती घालतो याने भुलू नका. तो खिसा कोठून भरतो ते पाहा. तीन, चूक झाली तर तो काय करतो? १९५६ च्या नोव्हेंबरात अरियलूरला रेल्वेचा भयंकर अपघात झाला. लालबहादूर शास्त्रींनी रूळ उखडले नव्हते, तरी त्यांनी मंत्रिपद सोडले. त्याच वर्षी मुंबईचा प्रश्न निघाला तेव्हा चिंतामणराव देशमुखांनी अर्थमंत्रिपद सोडले. २००८ साली मुंबईवर हल्ला झाल्यावर आपल्या एका बेफिकीर वाक्यापायी आर. आर. पाटलांना गृहमंत्रिपद सोडावे लागले. वर्षभरात ते त्याच खात्यावर परत आले. या तिघांच्या राजीनाम्यांचे वजन सारखे नाही. पहिला जबाबदारीपोटी, दुसरा तत्त्वापोटी, तिसरा लोकक्षोभापोटी. आणि ते वजन करता येणे यालाच मी नागरिकाचे शिक्षण म्हणतो.

२२ जानेवारी २०२५ रोजी आमच्या पाचोऱ्याजवळ परधाडे स्थानकाशी गाडीला आग लागल्याची अफवा उठली. घाबरून प्रवासी उतरले आणि समोरून आलेल्या दुसऱ्या गाडीखाली डझनभर जीव गेले. अफवेसाठी कोणी मंत्रिपद सोडावे, असे मी म्हणत नाही. पण त्यानंतर आमच्या चर्चेचा विषय काय होता? कोणता पुढारी आधी पोचला, कोण किती वेळ थांबला. अशा वेळी डब्यातल्या माणसाला खरी बातमी चटकन कळावी म्हणून पुढे काय झाले, हा प्रश्न विचारणारे थोडे. जो मयताला आला तो जिंकला; जाब विचारायचा राहिलाच.

'पण अहो, आपण कोण लागून गेलो आहोत? आपल्यात काय दोष नाहीत?' हा शेवटचा आणि मोठा भाबडा आक्षेप. दोष आहेतच. पण दिवाणजी शेटजीपेक्षा पुण्यवान असावा लागतो, असे कोणत्या पेढीवर ठरले आहे? त्याने अक्षर खरे लिहायचे, एवढीच त्याची पात्रता. शिवाय आपण कोणाच्या दारी न्याय करायला जात नाही. तोच आपल्या दारी येतो, हात जोडतो, आपले मत मागतो. मागणाऱ्याची चौकशी देणाऱ्याने करावी, यात उद्धटपणा कसला?

आणि चौकशीची सोयही आज हाताशी आहे, जी आमच्या वडिलांना नव्हती. सर्वोच्च न्यायालयाच्या २००२ आणि २००३ च्या निकालांमुळे प्रत्येक उमेदवाराला आपली मालमत्ता, आपले कर्ज, आपले शिक्षण आणि आपल्यावरचे फौजदारी खटले शपथेवर लिहून द्यावे लागतात. ते प्रतिज्ञापत्र निवडणूक कार्यालयात लागते आणि आयोगाच्या संकेतस्थळावर कोणालाही पाहता येते. पाच वर्षांपूर्वीचे आणि आजचे, अशी दोन प्रतिज्ञापत्रे शेजारी ठेवायला दहावीतल्या मुलाची वजाबाकी पुरते. त्यासाठी ना मोर्चा लागतो ना भाषण. दोन वर्षांपूर्वीच्या लग्नात कोणत्या पुढाऱ्याला मानाचा फेटा बांधला हे ज्या घरातल्या बायकांना अचूक आठवते, त्या घराला ही वजाबाकी जड जाऊ नये. किंबहुना माझा भरवसा बायकांवरच अधिक आहे. दुधाचे पाणी त्या चटकन ओळखतात.

या दिवाळीत भाऊबीज होईल, दादा येतील, भाऊ येतील, ताई फराळाला बसतील. ती नाती खरी. त्यांच्यासाठी पाट मांडावा, चकलीचे ताट पुढे करावे, त्यांचे सारे गुन्हे माफ करावेत. पण जो मतासाठी दारात उभा राहील त्याला पाट नको, प्रश्न हवा. त्याला दादा म्हणू नका, भाऊ म्हणू नका. त्याच्या पुऱ्या नावाने, बापाच्या नावासकट, आडनावासकट हाक मारा. वहीत खाते उघडताना नाव लिहावे लागते. नात्याच्या नावाने खाते कोणत्याही पेढीवर निघत नाही.